घरी व्हॉल्व्हचा गिटार ॲम्प्लिफायर बांधताना: आधी ट्रान्सफॉर्मर, मग सर्किट

प्रश्नकर्ते इंदूरचेच आहेत, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहेत आणि गिटार वाजवतात. एलएम३८६ आणि टीडीए२०३० या आयसींवर त्यांनी छोटे ॲम्प्लिफायर बांधले आहेत आणि आता त्यांना व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा, बांधायचा आहे. त्यांचे विचारणे थोडक्यात असे: फेंडर कंपनीच्या १९५०च्या दशकातल्या ‘चॅम्प’ या पाच वॉटच्या ॲम्प्लिफायरचे सर्किट पहिल्या कामासाठी योग्य आहे का, त्याचे ट्रान्सफॉर्मर इंदुरात तयार मिळत नाहीत, तर काय करावे, आजोबांचा व्हॉल्व्ह रेडिओ माळ्यावर पडून आहे, त्यातले सामान वापरता येईल का, आणि तीनशे व्होल्टांचे काम घरी करणे कितपत शहाणपणाचे आहे.

चारही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांचे वजन सारखे नाही. गेली बावीस वर्षे मी नोकरी सांभाळून जुने रेडिओ दुरुस्त करतो आणि अधूनमधून गिटारचे ॲम्प बांधतो. या काळात सर्किट समजले नाही म्हणून काम अडलेला माणूस मला क्वचितच भेटला. बहुतेकांचे काम ट्रान्सफॉर्मरपाशी अडते, आणि ज्यांचे तिथे अडत नाही त्यांचे पहिल्यांदा वीज देताना बिघडते. त्यामुळे मी उत्तराचा बराचसा भाग या दोन गोष्टींना देणार आहे. तुमच्या घरचा मेन्सचा व्होल्टेज किती चढतो, अर्थिंग खरे आहे की नावापुरते, कोणते व्हॉल्व्ह हाती लागतात आणि वाइंडिंग करणारा कारागीर तुमचे ऐकून घेतो की नाही, या चार गोष्टींवर पुढचे आकडे थोडेफार बदलतील, हे आधीच सांगून ठेवतो.

चॅम्पची निवड बरोबर आहे. त्यात सिग्नल वाढवणारे व्हॉल्व्ह दोनच आहेत: १२एएक्स७, ज्याला युरोपीय नावाने ईसीसी८३ म्हणतात, आणि ६व्ही६. पहिल्याच्या एकाच काचेत दोन ट्रायोड, म्हणजे सिग्नल वाढवणारे दोन स्वतंत्र भाग, असतात. त्यातला एक गिटारचा दुबळा सिग्नल साधारण पन्नास-साठ पटींनी वाढवतो, मग एक मेगओहमचा लॉग पॉट व्हॉल्यूमसाठी येतो, दुसरा ट्रायोड तो सिग्नल ६व्ही६ हलवण्याइतका मोठा करतो आणि ६व्ही६ आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून स्पीकर चालवतो. टोन कंट्रोल नाही, फेज इन्व्हर्टर नाही, बायस, म्हणजे व्हॉल्व्हचा शांत असतानाचा प्रवाह ठरवणारा व्होल्टेज, जुळवण्याची भानगड नाही, कारण ६व्ही६ आपला बायस कॅथोडच्या (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाच्या) रेझिस्टरवर आपणच तयार करतो. पहिलाच ॲम्प तीस-चाळीस वॉटचा बांधायला निघालेले तिघे जण आजवर अर्धवट चासी घेऊन माझ्याकडे आले आहेत. तिघांनाही मी आधी पाच वॉटचा बांधायला लावला, आणि त्यातल्या दोघांनी नंतर मोठ्याचे नावच काढले नाही.

आता आजोबांचा रेडिओ. त्याला हात लावण्याआधी मागचे झाकण काढून, प्लग अर्थातच बाहेर ठेवून, व्हॉल्व्हवरची अक्षरे वाचा. ईसीएच८१, ईबीएफ८९, ईएल८४ अशी ‘ई’ने सुरू होणारी नावे असतील तर त्या व्हॉल्व्हचे फिलामेंट, म्हणजे आतली तापणारी तार, ६.३ व्होल्टांचे आहे आणि आत बहुधा मेन्सचा ट्रान्सफॉर्मर आहे. पण यूसीएच८१, यूबीएफ८९, यूसीएल८२ अशी ‘यू’ची माळ दिसली, तर तो एसी-डीसी जातीचा सेट आहे: सगळ्या व्हॉल्व्हची फिलामेंट एकामागे एक जोडून सरळ मेन्सवर चालतात, मध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, आणि चासी मेन्सच्या दोनपैकी एका तारेला जोडलेली असते. रेडिओत हे खपून जाई, कारण ऐकणाऱ्याचा हात लाकडी किंवा बेकेलाइटच्या खोक्याला आणि प्लॅस्टिकच्या बटणाला लागत असे. गिटारमध्ये मात्र चासी जॅकला, जॅक केबलच्या जाळीला, जाळी ब्रिजला आणि ब्रिज तारांना जोडलेला असतो, आणि तारांवर तुमची बोटे असतात. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की गिटारच्या सहाही तारांवर २३० व्होल्ट येतात. असा सेट गिटारसाठी वापरण्याचा विचार पूर्णपणे सोडून द्यावा. ‘थोडे सांभाळून वाजवू’ याला इथे काही अर्थ नाही.

‘ई’चा सेट असेल आणि तो दुरुस्त होण्याजोगा असेल, तर तो मोडू नये असे माझे मत आहे, हे मत भावनेचे आहे, तांत्रिक नाही. पार निकामी असेल तर त्यातले सॉकेट, टॅग स्ट्रिप आणि व्हॉल्व्ह काढून घ्या. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने, म्हणजे बीईएलने, बनवलेले ईएल८४ आणि ईसीसी८३ जुन्या रेडिओ मेकॅनिकांच्या खोक्यांतून अजून निघतात आणि त्यातले बरेच उत्तम चालतात. असा व्हॉल्व्ह घेताना काचेच्या आत आरशासारखा चंदेरी डाग आहे ना, ते पाहावे. तो डाग दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली आहे, मग विकणारा काहीही म्हणो. चांगला ईएल८४ मिळाला तर ६व्ही६च्या जागी तोही चालतो, फक्त त्याला प्लेटवर (इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या पत्र्यावर) सुमारे २५० व्होल्ट, कॅथोडला १३५ ओहम आणि ५.२ किलोओहमचा लोड लागतो. तरी पहिल्या ॲम्पसाठी मी ६व्ही६च सुचवीन, कारण तो जास्त सोसतो आणि त्याच्या ऑक्टल सॉकेटच्या पिना इतक्या ऐसपैस असतात की नवशिक्याचे सोल्डरिंगही तिथे नीट बसते. रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये तो आजही बनतो आणि टपालाने मागवता येतो. रेडिओतले जुने कपॅसिटर मात्र एकही वापरू नका.

ट्रान्सफॉर्मरकडे वळतो. महाराणी रोडवर १२-०-१२ आणि २४-०-२४ हवे तितके मिळतात, पण हाय टेन्शनची, म्हणजे दोन-तीनशे व्होल्टांची, वाइंडिंग असलेला तयार ट्रान्सफॉर्मर मागितला की दुकानदार आपल्याकडे नुसता पाहत राहतो. बाहेरून मागवला तर लोखंडाच्या वजनामुळे टपालखर्चच जड होतो, शिवाय अमेरिकी बाजारातले काही ट्रान्सफॉर्मर फक्त ६० हर्ट्झसाठी गुंडाळलेले असतात. आपल्याकडे ५० हर्ट्झ असल्यामुळे त्याच कोअरला वेढे पाचास सहा या प्रमाणात जास्त लागतात. ते नसतील तर कोअर चुंबकत्वाने भरून जातो, ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि तापतो. म्हणून स्टॅबिलायझर आणि इन्व्हर्टरचे ट्रान्सफॉर्मर भरणारा एखादा कारागीर गाठावा आणि त्याला कागदावर लिहून द्यावे. तोंडी सांगू नये. का, ते पुढे येईल.

मेन्सच्या ट्रान्सफॉर्मरसाठी मी असे लिहून देतो: प्रायमरी ०-२३०-२५०, सेकंडरी २३०-०-२३० व्होल्ट १०० मिलिॲम्पिअर, आणि फिलामेंटसाठी ६.३ व्होल्ट २ ॲम्पिअर. प्रायमरीवरचा २५०चा टॅप चैनीचा नाही. ‘शब-ए-मालवा’चे, म्हणजे माळव्यातल्या रात्रीचे, कौतुक आपण सगळेच ऐकत आलो आहोत, पण माझ्या मल्टिमीटरला त्या रात्रीची वेगळीच ओळख आहे: अकरानंतर आजूबाजूचा लोड उतरला की माझ्या टेबलावर २४८ व्होल्ट मी कितीदा तरी पाहिले आहेत. कारागीर सवयीने प्रायमरी २२०ची भरतो. तशा ट्रान्सफॉर्मरला २५० व्होल्ट मिळाले तर ६.३च्या जागी ७.१६ व्होल्ट येतात, आणि फिलामेंटला दहा टक्क्यांपलीकडे, म्हणजे ६.९च्या वर नेऊ नये असा नियम आहे. व्हॉल्व्ह लगेच जळत नाही, पण त्याचे आयुष्य मुकाट्याने कमी होत जाते आणि दोष व्हॉल्व्हच्या कंपनीला दिला जातो.

वेढ्यांचा हिशेब तुम्ही स्वतः करून नेलात तर कारागीर तुम्हाला गंभीरपणे घेतो. ५० हर्ट्झला मी ४५ या आकड्याला कोअरच्या चौरस सेंटिमीटरमधल्या क्षेत्रफळाने भागतो, की एका व्होल्टला लागणारे वेढे मिळतात. त्यामुळे फ्लक्स एका टेस्लाच्या आसपास राहतो आणि ट्रान्सफॉर्मर थंड चालतो. स्टॅम्पिंगचा मधला पाय एक इंच आणि थर दीड इंच घेतला तर क्षेत्रफळ सुमारे ९.७ चौरस सेंटिमीटर होते, म्हणजे एका व्होल्टला ४.६४ वेढे. २३० व्होल्टांना १०६७ वेढे आणि ६.३ व्होल्टांना २९. लोड आल्यावर थोडा व्होल्टेज पडतो म्हणून फिलामेंटला ३१ भरावेत आणि त्याच हिशेबाने सेकंडरीलाही पाच टक्के जास्त द्यावेत. ॲम्प मेन्समधून तीस-चाळीस वॉट घेतो, तेवढ्याला हा कोअर पुरून उरतो.

मूळ चॅम्पमध्ये ५वाय३ हा रेक्टिफायर, म्हणजे एसीचे डीसी करणारा, व्हॉल्व्ह आहे आणि मी तो इथे वगळला आहे, यावर काही जण नाराज होतील. व्हॉल्व्हचा रेक्टिफायर जोरात वाजवताना व्होल्टेज थोडा दाबतो आणि त्यामुळे आवाजाला एक लवचीकपणा येतो, हे मोठ्या पुश-पुल (दोन आउटपुट व्हॉल्व्ह आळीपाळीने काम करणाऱ्या) ॲम्पबाबत खरे आहे. पण एकट्या ६व्ही६च्या क्लास ए सर्किटमध्ये विजेचा प्रवाह शांत असतानाही तेवढाच आणि जोरात वाजवतानाही जवळपास तेवढाच असतो, मग दाबायला उरतेच काय? दोन्ही बाजूंना दोन-दोन १एन४००७ डायोड एकामागे एक लावावेत. दोन यासाठी की उलट्या दिशेचा ताण साडेसहाशे व्होल्टांच्या घरात जातो आणि मेन्सच्या झटक्यांसाठी हाताशी काही शिल्लक हवी. पाच व्होल्टांची एक वाइंडिंग वाचते आणि २३०-०-२३० मधून ६व्ही६ला सोसेल असे सुमारे ३१० व्होल्ट डीसी मिळतात.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर हे या कामातले सर्वांत नाजूक प्रकरण आहे, पण लोक घाबरतात तितके ते अवघड नाही. ६व्ही६ला सुमारे ५००० ओहमचा लोड हवा आणि स्पीकर ८ ओहमचा आहे. ५०००ला ८ने भागून वर्गमूळ काढले की २५ येते, म्हणजे वेढ्यांचे प्रमाण २५ला १. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झला बोलते, आणि तिथे प्रायमरीचा अडथळा लोडइतका राहावा असे म्हटले तर इंडक्टन्स किमान १० हेन्री हवा. एक इंच बाय एक इंचाच्या कोअरवर ३६ गेजच्या तारेचे २५०० वेढे आणि २२ गेजचे १०० वेढे भरले की हे आरामात साधते. प्रायमरी अर्धी भरून वर सेकंडरी आणि त्यावर उरलेली अर्धी प्रायमरी, एवढा एकच सँडविच पुरे. प्रत्येक थरामध्ये इन्सुलेशनचा कागद मात्र हवाच. हाय-फायसाठी यापेक्षा कितीतरी जास्त मेहनत लागते, कारण तिथे २० किलोहर्ट्झपर्यंत जायचे असते. गिटारचा स्पीकर पाच-सहा किलोहर्ट्झच्या पुढे स्वतःच मान टाकतो, त्यामुळे आपल्या कारागिराच्या साध्या हातालाही हे काम झेपते.

एक गोष्ट मात्र त्याला माहीत नसते, आणि ती मी पहिल्या खेपेस सांगितली नव्हती. नेहमीच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ‘ई’ आणि ‘आय’ आकाराच्या पट्ट्या आलटून-पालटून भरतात, म्हणजे चुंबकाच्या वाटेत फट राहत नाही. आपल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीतून सतत ३५-४० मिलिॲम्पिअर डीसी वाहतो. फट नसेल तर तेवढ्यानेच कोअर भरून जातो आणि सिग्नलला जागा उरत नाही. माझ्या पहिल्या ॲम्पमध्ये नेमके हेच झाले. सगळे व्होल्टेज कागदावरच्यासारखे होते, पातळ तारा गोड वाजत होत्या आणि जाड तार वाजवली की कागदी पिशवीत फुंकर मारल्यासारखा आवाज येत होता. दोन आठवडे मी कपॅसिटर बदलत बसलो. शेवटी ट्रान्सफॉर्मर उघडला तेव्हा पट्ट्या आलटून-पालटून, अगदी सुबक भरलेल्या निघाल्या. कारागिराकडे परत गेलो तर तो म्हणाला, “भिया, इतने साल से ऐसे ही भर रहे हैं.” त्याचे काही चुकले नव्हते, मी लिहून दिले नव्हते. त्याच्याच दुकानात बसून आम्ही सगळ्या ‘ई’ एका बाजूने घातल्या, सगळ्या ‘आय’ची गड्डी समोर ठेवली आणि मध्ये झेरॉक्सच्या कागदाची एक पट्टी सरकवली. तो कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो आणि एवढीच फट हवी असते. मग पट्टा आवळला आणि वार्निशमध्ये बुडवला. त्या संध्याकाळी जाड तार पहिल्यांदा तारेसारखी वाजली.

ट्रान्सफॉर्मर हातात आल्यावर प्रमाण तपासण्याची सोपी रीत आहे. मेन्सच्या ट्रान्सफॉर्मरची ६.३ व्होल्टांची वाइंडिंग आउटपुटच्या स्पीकरकडच्या बाजूला जोडा आणि दुसऱ्या बाजूला एसी व्होल्टेज मोजा. १५७च्या आसपास आकडा आला तर प्रमाण २५ आहे. छोट्या बाजूला सहा व्होल्ट आहेत म्हणून मोठ्या बाजूला हात लावू नका. तिथे दीडशे आहेत.

अर्थिंगबद्दल दोन शब्द, कारण राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या घरांत तिसऱ्या पिनेचे भोक पुष्कळदा शोभेचेच असते. ॲम्पची चासी तीन पिनांच्या प्लगमधून खऱ्या अर्थला जोडलेली असलीच पाहिजे. नुसता मल्टिमीटर इथे फसवतो, कारण तो इतका थोडा प्रवाह घेतो की कच्च्या अर्थलाही २३० दाखवतो. इलेक्ट्रिशियनला बोलावून फेज आणि अर्थ यांच्यामध्ये शंभर वॉटचा जुन्या पद्धतीचा दिवा लावून पाहायला सांगा. दिवा पूर्ण पेटला तर अर्थ बरा आहे; आरसीसीबी (वीजगळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडला तर घाबरू नका, अर्थ आहे याचीच ती खूण आहे; दिवा मिणमिणला किंवा लागलाच नाही तर आधी घराचे काम करून घ्या, ॲम्प थांबू शकतो.

जोडणीवर फार लिहीत नाही. दोन मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून घ्या, सॉकेट हातात आल्याशिवाय भोके पाडू नका, आणि सर्किट टॅग स्ट्रिपवर किंवा हायलम शीटवर (वीजरोधक पाटीवर) पिना ठोकून बांधा. दोन्ही ट्रान्सफॉर्मर एकमेकांपासून लांब ठेवून एकाचा कोअर दुसऱ्याशी काटकोनात बसवा. फिलामेंटच्या तारा घट्ट पीळ देऊन चासीच्या कोपऱ्यातून न्या आणि त्या ६.३च्या दोन्ही टोकांपासून चासीकडे शंभर-शंभर ओहमचा एकेक रेझिस्टर लावा. फिल्टरसाठी ४७, २२ आणि २२ मायक्रोफॅरडचे, ४५० व्होल्टांचे कपॅसिटर आणि त्यांच्या मध्ये १० किलोओहम व २२ किलोओहमचे रेझिस्टर. पहिल्या कपॅसिटरला समांतर २२० किलोओहम, दोन वॉटचा ब्लीडर लावायला विसरू नका. वीज बंद केल्यावर या तिघांत साठलेला विद्युतभार त्याच्यातून ओसरायला सुमारे पावणेदोन मिनिटे लागतात. तरीही हात घालण्याआधी दर वेळी मीटर लावून पाहावे, कारण ब्लीडरचा सोल्डर कच्चा असू शकतो. चालू ॲम्पमध्ये मोजताना काळी क्लिप चासीला कायमची अडकवून फक्त उजव्या हाताने मोजा आणि डावा हात खिशात ठेवा. हे ऐकायला जुनाट वाटते, पण मी आजही तसेच करतो. तुमच्या चौथ्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे: घाई नसलेल्या, एकट्याने आणि झोप आलेली असताना काम न करणाऱ्या माणसाला हे काम घरी करता येते.

पहिल्यांदा वीज देताना सगळे व्हॉल्व्ह लावून स्विच दाबणे ही सर्वांत महागडी चूक आहे. इलेक्ट्रिशियन वापरतात तसा सिरीज बोर्ड करून घ्या, म्हणजे मेन्सच्या फेजमध्ये साठ वॉटचा फिलामेंटचा दिवा येईल. एलईडी इथे चालत नाही. सुरुवातीला एकही व्हॉल्व्ह न लावता वीज द्या. दिवा क्षणभर चमकून जवळजवळ विझला पाहिजे. तो लख्ख पेटत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि तो तुम्हाला एका दिव्याच्या किमतीत कळला. मग फिलामेंटचा व्होल्टेज पाहा आणि हाय टेन्शन पाहा. लोड नसताना डीसी सव्वातीनशे ते साडेतीनशेच्या दरम्यान दिसेल, ते योग्यच आहे. नंतर १२एएक्स७ लावा. त्याच्या दोन्ही प्लेटवर दीडशे-पावणेदोनशे व्होल्ट आणि कॅथोडवर एक ते दीड व्होल्ट यायला हवेत.

६व्ही६ लावण्याआधी आउटपुटला स्पीकर किंवा ८ ओहम, १० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर जोडलेलाच हवा. लोडशिवाय व्हॉल्व्ह ॲम्प चालवला तर प्रायमरीवर हजाराच्या वर व्होल्टेज उसळू शकतो आणि कारागिराने भरलेला कागद फाटतो. टीडीए२०३० स्पीकरशिवाय निवांत बसून राहतो, म्हणून ही सवय तुम्हाला मुद्दाम लावून घ्यावी लागेल.

आता लाल प्रोब ६व्ही६च्या आठ नंबरच्या पिनेवर, म्हणजे कॅथोडवर ठेवा आणि वीज द्या. दहाएक सेकंद मीटर शून्यच दाखवेल. मग व्हॉल्व्हचा गाभा नारिंगी होऊ लागतो आणि आकडा चढतो: तीन, आठ, बारा, आणि सावकाश स्थिरावतो. दिवा मध्ये असल्यामुळे तो कमीच दिसेल. सगळे शांत असेल तर दिवा काढून सरळ मेन्सवर पुन्हा पाहा. ४७० ओहमवर साडेसतरा व्होल्ट आले तर प्रवाह ३७ मिलिॲम्पिअर झाला. त्यातले दोन-तीन स्क्रीनचे (व्हॉल्व्हमधल्या दुसऱ्या जाळीचे) वजा केले आणि प्लेट ते कॅथोड २८२ व्होल्ट धरले तर प्लेटवर दहा वॉटच्या आत उष्णता पडते. जुन्या डेटाशीटमध्ये मर्यादा १२ वॉटची आहे, म्हणजे रात्रीच्या २४८ व्होल्टांसाठीही थोडी जागा उरते. सोळा ते वीसच्या मध्ये काहीही आले तरी चालेल. आकडा पंचविसाच्या पुढे धावू लागला किंवा प्लेटच्या करड्या पत्र्यावर लाल ठिपका दिसला तर ताबडतोब बंद करा आणि पाच नंबरच्या पिनेचा, म्हणजे ग्रिडचा (सिग्नल जिथे येतो त्या जाळीचा), व्होल्टेज तपासा. तिथे शून्यच हवा. तिथे काही व्होल्ट दिसत असतील तर आधीचा ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपलिंग कपॅसिटर गळतो आहे. काचेच्या आतल्या बाजूला निळसर झळाळी दिसली तर ती निरुपद्रवी असते. ती पाहून व्हॉल्व्ह फेकून दिलेले लोक मला माहीत आहेत.

गुणगुण येईलच, पहिल्या ॲम्पला ती येतेच. ती कोणती आहे हे कानाने ओळखता येते आणि गिटार वाजवणाऱ्याला तर फारच सहज. जाड तारेच्या तिसऱ्या परद्यावरचा जी ९८ हर्ट्झचा असतो. गुणगुण त्याच्या अगदी जवळ, किंचित वर लागत असेल तर ती १०० हर्ट्झची आहे, म्हणजे फिल्टर कपॅसिटर किंवा त्यांचे ग्राउंड पाहा. ती त्याच्या एक सप्तक खाली असेल तर ५० हर्ट्झ, म्हणजे फिलामेंटच्या तारा, इनपुटची वायर किंवा ट्रान्सफॉर्मरची दिशा. व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही गुणगुण तशीच राहिली तर पहिल्या ट्रायोडला दोष देऊ नका. ती पुढच्या टप्प्यातून येते आहे.

पाच वॉट पुरतील का, हे तुम्ही विचारले नाही, पण पुढे विचारालच. उत्तर बरेचसे स्पीकरवर अवलंबून आहे. ९१ डेसिबल संवेदनशीलतेच्या स्पीकरऐवजी ९७चा लावला तर आवाजाच्या दृष्टीने तुम्ही चौपट वॉटचा ॲम्प बांधल्यासारखे होते. म्हणून म्युझिक सिस्टिममधला जड रबरी कडेचा स्पीकर वापरू नका. कागदी कोनाचा, कागदीच कडेचा आठ किंवा दहा इंची घ्या. खोलीत तो भरपूर होतो, ढोल-ताशाच्या शेजारी होत नाही.

फीडबॅकची, म्हणजे आउटपुटचा थोडा सिग्नल मागे नेणारी, तार मी नेहमी सर्वांत शेवटी लावतो. स्पीकरच्या गरम टोकापासून २२ किलोओहममधून ती दुसऱ्या ट्रायोडच्या कॅथोडवर जाते. आधी तिच्याशिवाय ॲम्प वाजवून पाहा, मग वीज बंद करून, मीटर लावून, ती जोडा. आवाज थोडा खाली बसून नितळ झाला तर काम झाले. ॲम्प कर्कश किंचाळू लागला तर गडबडून जाऊ नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीची दोन टोके उलटी लागली आहेत. ती अदलाबदल करून पुन्हा सोल्डर करा. दोन टोकांवर वेगवेगळ्या रंगांच्या स्लीव्ह चढवायला कारागिराला आधीच सांगितले असेल तर हे दहा मिनिटांचे काम आहे.